उंचीची किंमत हाडांनी का मोजावी?

चीनचा विख्यात बास्केटबॉलपटू याओ मिंग याने २० जुलै २०११ रोजी शांघाय येथे आपली निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याने वयाची एकतीस वर्षेही पूर्ण केलेली नव्हती. साडेसात फूट उंचीचा हा खेळाडू २००२ साली अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेच्या नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला आणि ह्यूस्टन रॉकेट्स संघाकडून खेळू लागला. पहिल्या तीन हंगामांतील २४६ सामन्यांपैकी त्याचे केवळ दोन चुकले. पुढचा इतिहास मात्र दुखापतींच्या नोंदवहीसारखा आहे. एप्रिल २००६ मध्ये डाव्या पायाचे हाड मोडले, डिसेंबर २००६ मध्ये उजव्या गुडघ्याखालचे हाड मोडले, फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर आढळले, मे २००९ मध्ये त्याच पायाला पुन्हा चीर गेली आणि त्यापायी २००९-१० चा संपूर्ण हंगाम बुडाला. शस्त्रक्रियेनंतर तो परतला तो दर सामन्यात २४ मिनिटांपेक्षा अधिक न खेळण्याच्या अटीवर. ती अटही त्याला वाचवू शकली नाही. पाच सामन्यांनंतर घोटा पुन्हा जायबंदी झाला आणि डिसेंबर २०१० मध्ये तेथे स्ट्रेस फ्रॅक्चर असल्याचे निष्पन्न झाले.

या हकिकतीला दुर्दैव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हंगाम संपला की याओ मिंग विश्रांती घेत नसे. २००२ ची जागतिक स्पर्धा, २००३ ची आशियाई स्पर्धा, २००४ चे अथेन्स ऑलिंपिक, २००५ ची आशियाई स्पर्धा, २००६ ची जागतिक स्पर्धा असा ओळीने पाच उन्हाळे तो आपल्या देशासाठी खेळला. मार्च २००८ मध्ये पायावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकच्या मैदानावर उतरला. सुमारे १४० किलो वजन पेलणाऱ्या त्या पायांना वर्षाचे बाराही महिने सुटी नव्हती. जे हाड एका आघाताने न मोडता हजारो लहान आघातांनी मोडते, त्याच्या बाबतीत दैवापेक्षा वेळापत्रकाचा हात मोठा असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हाडाचा जमाखर्च

स्ट्रेस फ्रॅक्चर हा शब्द आता वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर रुळला आहे. त्यामागची प्रक्रिया मात्र फारशी कोणी समजावून घेत नाही. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नाही. त्यात अखंड मोडतोड आणि बांधकाम चालू असते. एका जातीच्या पेशी जुने, थकलेले हाड कोरून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. धावण्याने वा उडी मारण्याने हाडाला सूक्ष्म इजा होते, ती या व्यवस्थेने भरून निघते आणि हाड पूर्वीपेक्षा बळकट होते. गोम अशी आहे की कोरून काढण्याचे काम दोनतीन आठवड्यांत उरकते, तर भरण्याच्या कामाला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजेच सराव एकाएकी वाढविला की प्रारंभीचे काही आठवडे हाड बळकट होण्याऐवजी तात्पुरते पोकळ होते. नेमक्या याच काळात आघात चालू राहिले तर सूक्ष्म इजांची एक रेषा बनते आणि तिची चीर होते. जमेपेक्षा खर्च दररोज थोडा अधिक असणाऱ्या संसाराची जी गत होते, तीच या हाडाची होते.

हा विकार प्रथम खेळाडूंत आढळला नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कवायतीनंतर सैनिकांच्या पायांना येणाऱ्या वेदनामय सुजेचे वर्णन केले होते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर त्या सुजेच्या मुळाशी हाडाचा भंग आहे, हे उघड झाले. आजही ही चीर पहिले दोनतीन आठवडे साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही; तिच्यासाठी एम.आर.आय. तपासणी करावी लागते. ‘एक्स-रे स्वच्छ आहे, खेळायला हरकत नाही,’ या वाक्याने किती पाय निकामी केले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

उड्यांच्या या खेळात पायाची काही ठिकाणे विशेष धोक्याची आहेत. नडगीचे हाड हे एक. करंगळीच्या रेषेत पायाच्या बाहेरील कडेने जाणारे लांब हाड हे दुसरे. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०२ साली या हाडाच्या भंगाचे वर्णन केले. त्याने अभ्यासलेल्या रुग्णांत तो स्वतःही होता, कारण नृत्य करताना त्याचाच पाय मोडला होता. केव्हिन ड्युरंट या उंचापुऱ्या खेळाडूवर २०१४-१५ च्या हंगामात याच हाडापायी एकामागून एक शस्त्रक्रिया करवून घेण्याची पाळी आली. तिसरे आणि सर्वांत दगाबाज ठिकाण म्हणजे पायाच्या कमानीच्या शिखरावरील नौकेच्या आकाराचे नॅव्हिक्युलर हे हाड. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा बेताचाच असतो आणि उडी घेताना सर्वाधिक दाब तेथेच येतो. दाब मोठा आणि दुरुस्तीचे साहित्य अपुरे, अशी ही अवस्था असते. याओ मिंग, बिल वॉल्टन, कॅमेरूनचा ज्योएल एम्बीड, लिथुआनियाचा झिड्रुनास इल्गौस्कास या चार देशांच्या चार उत्तुंग खेळाडूंच्या कारकिर्दींवर याच एका छोट्याशा हाडाने आघात केला.

उंचीचे गणित

उंच खेळाडूच का, या प्रश्नाचे उत्तर गॅलिलिओने १६३८ सालीच दिले होते. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले तर वजन घनाच्या प्रमाणात वाढते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात हाच नियम सामान्य वाचकाला उलगडून दाखविला. उंची दहा टक्क्यांनी वाढली तर वजन सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढेल, हाडाचा छेद मात्र एकवीस टक्क्यांनीच. प्रत्यक्षात उंच मुले सडपातळ असतात आणि म्हणून हा नियम माणसांना तंतोतंत लागू पडत नाही, हे खरे. पण लांब हाड म्हणजे लांब तरफ, आणि लांब तरफेच्या टोकाशी बसणारा पीळ मोठा, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. त्यातच उडीवरून जमिनीवर येताना पायांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का सोसावा लागतो आणि बास्केटखाली उभा राहणारा उंच खेळाडू तो प्रत्येक सामन्यात पुनःपुन्हा सोसतो.

प्रौढांपेक्षा वाढत्या वयाच्या मुलांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मुलींची उंची साधारणतः बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. हाडांतील खनिजांची भर मात्र त्यानंतर सहा महिने ते एक वर्षाने शिखर गाठते. दोहोंमधल्या काळात हाडे लांब झालेली असतात, पण पुरेशी भरलेली नसतात. स्नायू आणि कंडरा यांनाही हाडांची लांबी गाठता आलेली नसते. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीच्या स्नायूची कंडरा नडगीला जोडली जाते, तेथील कोवळा भाग सतत ओढला जाऊन दुखू लागतो आणि उंचवटा येतो. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन वैद्यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे वर्णन केलेला हाच तो विकार होय. टाचेचे दुखणे आणि ‘जम्पर्स नी’ म्हणून ओळखले जाणारे वाटीच्या कंडरेचे दुखणे ही त्याचीच भावंडे.

आता व्यवहार काय होतो ते पाहावे. तेराचौदा वर्षांचा मुलगा एका वर्षात तीनचार इंच वाढतो, तेव्हाच क्रीडाशिक्षकांची नजर त्याच्याकडे वळते. ज्या वर्षी त्याची हाडे सर्वांत नाजूक असतात, त्याच वर्षी त्याच्या सरावाचे तास दुप्पट होतात. निवडीची वेळ आणि शरीराची वेळ यांचा असा विपरीत मेळ या खेळात बसलेला आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण संकोचापोटी ती सांगितली जात नाही. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडला की मासिक पाळी अनियमित होते वा थांबते आणि हाडांची घनता घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती पुरुष खेळाडूंतही संभवते, असे स्पष्ट केले. पाळी थांबणे हे कठोर सरावाचे भूषण समजणाऱ्या प्रशिक्षकाला शरीरशास्त्राचा पहिला धडाही ठाऊक नाही, असेच म्हणावे लागेल.

वेदनेची माहिती कोणाजवळ?

येथवरचा भाग वैद्यकाचा झाला. परंतु सर्व काही ठाऊक असूनही दुखापती थांबत का नाहीत, याचे उत्तर वैद्यकात सापडत नाही. ते व्यवहारात शोधावे लागते. अमेरिकेतील दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

बिल वॉल्टन हा सहा फूट अकरा इंच उंचीचा खेळाडू. १९७७ साली त्याने पोर्टलंडच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. १९७८ च्या एप्रिलमध्ये बाद फेरीच्या ऐन मोसमात दुखऱ्या पायात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो मैदानात उतरला. त्यानंतरच्या तपासणीत डाव्या पायाचे नॅव्हिक्युलर हाड मोडल्याचे आढळले. संघाच्या वैद्यकीय व्यवस्थेवर अविश्वास व्यक्त करून तो पुढचा सारा हंगाम बाहेर राहिला. नंतरच्या काळात आणखी दोन संपूर्ण हंगाम त्याला गमवावे लागले. १९८५-८६ मध्ये बॉस्टनच्या संघात त्याने पुनरागमन केले आणि आणखी एका अजिंक्यपदात वाटा उचलला, ही गोष्ट त्याच्या चिकाटीची साक्ष देते. पण मोडलेल्या पायाने आणि पाठीच्या दुखण्याने त्याची पाठ पुढेही कित्येक वर्षे सोडली नाही. २०२४ साली त्याचे निधन झाले.

दुसरे उदाहरण सॅम बोवी याचे. सात फूट एक इंच उंचीच्या या युवकाचे महाविद्यालयातील दोन हंगाम नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे वाया गेले होते. तरीही १९८४ च्या निवडीत पोर्टलंडने त्याला दुसऱ्या क्रमांकाने उचलले. तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन निवडला गेला. बोवीचे पाय पुढे पुन्हा मोडले. वैद्यकीय तपासणीच्या वेळी नडगीवर ठोकून पाहिले असता दुखत असतानाही आपण दुखत नाही असे सांगितले, अशी कबुली त्याने २०१२ साली एका चित्रपटात दिली.

या कबुलीबद्दल त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या जागी दुसरे कोण वेगळे वागले असते? वेदना ही अशी माहिती आहे की ती फक्त खेळाडूजवळ असते, आणि ती उघड केली की नुकसानही फक्त त्याचेच होते. जागा जाते, करार जातो, आयुष्यात एकदाच येणारी संधी जाते. ती लपविली तर आजचा लाभ पदरात पडतो आणि हानी पुढच्या वर्षावर ढकलली जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पुढचे वर्ष फार दूरचे वाटते. ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला बक्षीस मिळते, त्या व्यवस्थेत खरी माहिती कधीच वर येत नाही. बाजारपेठेलाच काय, शाळेच्या संघालाही हा नियम लागू आहे.

सार्वजनिक विहिरीचा न्याय

दुसरे कारण याहून साधे आहे. उंच आणि गुणी मुलावर एकाच वेळी अनेकांचा हक्क असतो. शाळेचा संघ असतो, क्लब असतो, जिल्ह्याचा संघ असतो, राज्याच्या निवडीचे शिबिर असते. प्रत्येक जण आपापल्या परीने माफकच मागतो. शाळा म्हणते, आमचा सराव दीड तासाचाच आहे. क्लब म्हणतो, आम्ही आठवड्यातून तीनदाच बोलावतो. या साऱ्यांची बेरीज मात्र कोणीच करीत नाही. गावच्या सार्वजनिक विहिरीतून प्रत्येकाने आपल्या गरजेपुरत्याच घागरी काढाव्यात आणि पाणी किती खाली गेले हे कोणीच वाकून पाहू नये, तसाच हा प्रकार आहे. विहीर आटल्यावर दोष कोणा एकाचा नसतो. तहान मात्र साऱ्या गावाला लागते. येथे तीही वाटून घेतली जात नाही, ती एकट्या मुलाच्या वाट्याला येते.

अमेरिकेत या बेरजेची जाणीव उशिरा का होईना, झाली. एन.बी.ए. आणि यूएसए बास्केटबॉल या संस्थांनी २०१६ साली मुलांच्या बास्केटबॉलसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत या एकाच खेळाला जखडू नये, आठवड्यातून किमान एक दिवस संपूर्ण विश्रांती असावी, वयोगटानुसार सामन्यांची आणि सरावाच्या तासांची मर्यादा पाळावी, असे त्यांचे सार आहे. आठवड्यातील संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, असा एक सुटसुटीत ठोकताळाही तेथील क्रीडावैद्यकाच्या अभ्यासकांनी सुचविला आहे. स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल चालविणाऱ्या संस्थेलाच असे सांगावेसे वाटले, यात सद्भावनेबरोबर स्वार्थही असणार. कोवळ्या वयात पाय झिजवून आलेला तरुण कोट्यवधी डॉलर्सच्या कराराला परवडत नाही. पण स्वार्थाने सुचलेले शहाणपण म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. घाम गाळल्याविना खेळाडू घडत नाही. जरा दुखले की बसवून ठेवायचे तर पदके कोठून येणार? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. इस्रायली सैन्यातील नव्या भरतीच्या जवानांचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांना असे आढळले की ज्यांनी भरतीपूर्वी किमान दोन वर्षे मुख्यतः बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ नियमित खेळले होते, त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय कमी होते. म्हणजे हाच खेळ हाडे घडवितोही. त्याच सैन्यात रात्रीची किमान सहा तासांची झोप सक्तीची केल्यावर आणि कवायतीचे एकूण अंतर घटविल्यावर अशा अस्थिभंगांत मोठी घट झाली. प्रश्न श्रमाचा नाही, श्रम आणि विश्रांती यांच्या प्रमाणाचा आहे. सैन्याला जे परवडते ते शाळेला परवडू नये, हे पटण्यासारखे नाही.

उपचाराला धीराची जोड मिळाली तर काय साधते, याचीही उदाहरणे आहेत. सात फूट तीन इंच उंचीच्या इल्गौस्कासच्या पायावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. अखेर त्याच्या पायाची ठेवणच सुधारणारी शस्त्रक्रिया २००१ साली करण्यात आली आणि त्यानंतर तो दहा वर्षे खेळला. एम्बीडला २०१४ साली निवड झाल्यानंतर पहिले दोन हंगाम मैदानाबाहेर ठेवण्यात आले. पुढे २०२२-२३ च्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. दुखापतींनी पुढेही त्याची पाठ सोडलेली नाही, हे मान्य केले तरी पहिल्याच वर्षी घाईने उतरविले असते तर हा मान त्याच्या वाट्याला येणे अवघड होते.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

कोट्यवधी डॉलर्सच्या त्या जगाशी महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावच्या मुलाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध हाडांचा आहे. शिवाय लाभाचे आकर्षण येथेही आहेच. राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरील शालेय खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुणांची सवलत मिळते, शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मध्यमवर्गीय आणि गरीब कुटुंबाच्या दृष्टीने ही आमिषे लहान नाहीत, आणि ती असू नयेत असेही नाही. पण सवलतीसाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी एकाच मोसमात चढणाऱ्या मुलाला दुखत असल्याचे सांगण्याची मुभा राहत नाही. तेथे व्यावसायिक संघाकडे निदान तज्ज्ञ वैद्य, एम.आर.आय. आणि विमा असतो. येथे सिमेंटचे मैदान, झिजलेले बूट आणि दुखऱ्या जागी चोळायचे मलम एवढीच सामग्री बहुधा असते. एम.आर.आय.चा खर्च ऐकून घरचे लोक ‘आठ दिवसांत बरे होईल’ असे म्हणतात, आणि आठ दिवसांनी मुलगा पुन्हा मैदानावर जातो.

यावर करावयाच्या उपायांना फारसा पैसा लागत नाही. शाळेने प्रत्येक खेळाडूची उंची दर तीन महिन्यांनी मोजावी. भिंतीवरील पट्टी आणि खडू एवढे त्यासाठी पुरते. उंची झपाट्याने वाढत असेल त्या काळात उड्यांचा सराव कमी करून चेंडूवरील हुकमत आणि नेमबाजी यांवर भर द्यावा. मुलाजवळ एक साधी वही असावी आणि शाळा, क्लब, शिबिर यांपैकी जो कोणी त्याला खेळवील, त्याने तीत तास लिहून सही करावी. विहिरीत वाकून पाहण्याची सोय ती हीच. स्पर्धांच्या आयोजकांनी एकाच मुलाला एका दिवशी दोन सामने खेळावे लागणार नाहीत, अशी आखणी करावी. हाडाच्या एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर दुखत असेल आणि दुखणे खेळताना वाढत असेल तर क्ष-किरण चित्र काहीही म्हणो, वैद्याचा स्पष्ट निर्णय होईपर्यंत खेळ बंद, हा नियम प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुखते असे सांगणाऱ्या मुलाची संघातील जागा बरा होईपर्यंत राखून ठेवावी. खरे बोलण्याचा दंड रद्द झाल्याखेरीज खरे कानावर येणार नाही.

उंची ही निसर्गाची देणगी असली तरी ती मुलाची आहे; शाळेच्या करंडकाची नाही, जिल्ह्याच्या नावलौकिकाची नाही आणि पालकांच्या आकांक्षांचीही नाही. या देणगीवर सोळाव्या वर्षापर्यंत किती काढून घ्यायचे, याचा निर्णय मोठी माणसे घेतात आणि त्या निर्णयाची परतफेड तो मुलगा चाळिसाव्या वर्षी जिना चढताना करीत असतो. ज्याला फेडायचे आहे त्याला विचारल्याविना कर्ज काढू नये, एवढा साधा प्रामाणिकपणा क्रीडांगणावरही पाळला गेला पाहिजे.